पहिल्या झोक्याआधी

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ठाण्यातलं कॉलेज असो की कल्याणचं, एक गंमत ठरलेली. शंकूपात्रात ऑक्झॅलिक आम्ल, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल, ते ६०-७० अंशांपर्यंत तापवलेलं. वर ब्युरेटमध्ये जांभळं पोटॅशियम परमँगनेट. पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग जातच नाही. एंड पॉइंट पहिल्याच थेंबाला आला की काय, म्हणून पोरगं भांबावतं, शेजारच्याच्या ब्युरेटकडे चोरून बघतं. तेवढ्यात रंग हळूहळू विरतो. दुसरा थेंब जरा लवकर विरतो, तिसरा त्याहून लवकर, आणि मग तर थेंब पडायचा अवकाश, रंग गायब.

जर्नलमध्ये हे कोणी लिहीत नाही, कारण तिथे फक्त तीन सारखी रीडिंग हवी असतात. पण खरं रसायनशास्त्र त्या पहिल्या थेंबात आहे. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांची एकमेकांशी क्रिया मुळात संथ असते. ती होताना मँगनीजचे आयन तयार होतात आणि हेच आयन त्या क्रियेला वेग देतात. म्हणजे उत्प्रेरक बाहेरून आणलेला नाही. क्रिया तो स्वतःच तयार करते आणि जितका तयार होईल तितकी ती जोरात पळते. याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. ऑक्सफर्डच्या हारकोर्ट आणि एसन यांनी १८६६ मध्ये याच क्रियेचा वेग मोजत रासायनिक गतिशास्त्राचा पाया घातला, तेव्हा हा प्रयोग काही फक्त मार्कांपुरता नाही.

आता शंकूपात्रात आधीच चिमूटभर मँगनीज सल्फेट टाकून बघा. पहिला थेंबही लगेच विरतो. विलंब संपला.

ही चिमूट लक्षात ठेवावी. एखादी रासायनिक क्रिया सुरू व्हायला वेळ का लावते, हे शोधण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. ज्या पदार्थाची ती वाट बघते आहे असा संशय असेल, तो आधीच घालायचा. वाट बघणं बंद झालं तर संशय खरा. वाट लांबली तर तो पदार्थ अडवणाऱ्यांपैकी आहे. आणि काहीच फरक पडला नाही तर दुसरा पदार्थ शोधायचा.

हीच चाचणी आता एका जास्त विचित्र क्रियेला लावू.

रंग बदलणाऱ्या रसायनांचं कौतुक डोंबिवलीकरांना सांगायला जाऊ नये. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी हिरवा पाऊस पाहिला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला गुलाबी रस्ता. पण एकच द्रावण लाल व्हावं, मग निळं, पुन्हा लाल, पुन्हा निळं, कोणी हात न लावता, घड्याळ लावून बघावं इतक्या नेमाने, असं त्यांनीही सहसा पाहिलेलं नसतं. बेलूसोव्ह-झाबोतिन्स्की क्रिया ती हीच. जगभरच्या प्रयोगशाळांत तिला नुसतं बीझेड म्हणतात.

बोरिस बेलूसोव्ह मॉस्कोत जीवरसायनाचं काम करत होते. शरीरात अन्नाचं ऑक्सिडीभवन कसं होतं, त्याची एखादी साधी नक्कल परीक्षानळीत करता येईल का, या विचाराने १९५१ च्या सुमाराला त्यांनी सायट्रिक आम्ल, पोटॅशियम ब्रोमेट आणि सिरियमचा क्षार सल्फ्युरिक आम्लात एकत्र केले. द्रावण पिवळं, मग रंगहीन, मग पुन्हा पिवळं होऊ लागलं. निबंध पाठवला तो परत आला. असं घडूच शकत नाही, असं संपादकांचं मत. क्रिया समतोलाकडे जाते, ती मागे-पुढे झोके घेत नाही, हे त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. अमेरिकेत विल्यम ब्रे यांनी १९२१ मध्येच आयोडेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची झोके घेणारी क्रिया छापली होती, पण तिच्यावरही धुळीचा, बुडबुड्यांचा संशय घेतला गेला. शेवटी १९५९ मध्ये बेलूसोव्ह यांचा एक छोटा गोषवारा, तोही किरणोत्सारी वैद्यकाच्या एका संग्रहात, छापून आला. १९६१ मध्ये अनातोली झाबोतिन्स्की या तरुण विद्यार्थ्याने काम हाती घेतलं, सायट्रिक आम्लाच्या जागी मॅलॉनिक आम्ल वापरलं, आणि गोष्ट पुढे सरकली. १९८० मध्ये या कामाला लेनिन पारितोषिक मिळालं तेव्हा बेलूसोव्ह जाऊन दहा वर्षं झाली होती.

ही कहाणी सगळ्या पुस्तकांत असते, म्हणून इथे भराभर सांगितली. त्या पुस्तकांतली चित्रं मात्र थोडी फसवी असतात. झोके सुरू झाल्यानंतरचाच आलेख ती दाखवतात. प्रत्यक्षात ब्रोमेट, मॅलॉनिक आम्ल, सिरियम आणि सल्फ्युरिक आम्ल एकत्र ओतल्यावर बराच वेळ काहीही होत नाही. द्रावण ढवळकाठीवर गोल गोल फिरत राहतं, पिवळट, सुस्त. पाच मिनिटं जातात, कधी दहा. बघायला बोलावलेली मंडळी मोबाइल काढतात. आणि मग एकदम पहिला झोका येतो, त्यामागोमाग दुसरा. नेहमीच्या प्रमाणांत एका झोक्याला साधारण मिनिटभर लागतो, म्हणजे पहिल्या झोक्याआधीची शांतता अनेक झोक्यांएवढी असते. या शांततेला रसायनशास्त्रात इंडक्शन पिरियड म्हणतात.

मंडळी कंटाळतात तेव्हा भांड्यात काय चाललेलं असतं, ते कळायला आधी झोका म्हणजे काय ते कळायला हवं. १९७२ मध्ये ओरेगन विद्यापीठातले रिचर्ड फील्ड आणि रिचर्ड नोयेस आणि बुडापेस्टचे एंद्रे कोरोश यांनी ती यंत्रणा उलगडली. तपशिलात तिच्यात डझनावारी पायऱ्या आहेत, पण गाभा तीन टप्प्यांत सांगता येतो.

पहिल्या टप्प्यात द्रावणात ब्रोमाइड आयन भरपूर असतात. ते ब्रोमेटशी क्रिया करतात, स्वतः संपत जातात, आणि या क्रियेतून निघालेलं ब्रोमीन मॅलॉनिक आम्लाला चिकटतं. ब्रोमाइड आहे तोवर ब्रोमस आम्ल नावाचा एक अल्पजीवी पदार्थ डोकं वर काढू शकत नाही, कारण ब्रोमाइड त्याला लगेच संपवतो. ब्रोमाइडची पातळी ब्रोमेटच्या साधारण दोन लाखांशाखाली गेली की दुसरा टप्पा. आता ब्रोमस आम्लाला कोणी अडवत नाही. एकाचे दोन, दोनाचे चार असं ते वाढतं आणि वाढता वाढता सिरियमचं ऑक्सिडीभवन करून टाकतं. द्रावण पिवळं होतं. फेरॉइन हे सूचक घातलेलं असेल तर लालाचं निळं. तिसऱ्या टप्प्यात हे पिवळं सिरियम सेंद्रिय आम्लावर तुटून पडतं, स्वतः पुन्हा रंगहीन होतं, आणि या झटापटीत ब्रोमाइड मोकळा होतो. ब्रोमाइड वाढला की ब्रोमस आम्ल गप्प. पुन्हा पहिला टप्पा.

चक्र पुरं झालं, पण त्यातली मेख तिसऱ्या टप्प्यात आहे. सिरियमने साध्या मॅलॉनिक आम्लाचं ऑक्सिडीभवन केलं तर ब्रोमाइड सुटणार कुठून? त्या रेणूत ब्रोमीनच नाही. ब्रोमाइड सुटतो तो ब्रोमोमॅलॉनिक आम्लातून, म्हणजे ज्याला आधी ब्रोमीन चिकटलं आहे अशा मॅलॉनिक आम्लातून. आणि आपण भांड्यात ओतलं होतं ते साधं. सुरुवातीला ब्रोमोमॅलॉनिक आम्ल जवळपास शून्य. म्हणून द्रावण दुसऱ्या टप्प्यात जातं आणि तिथेच अडकून पडतं. सिरियम पिवळंच राहतं, कारण त्याला परत फिरवणारा ब्रोमाइड पुरेसा निघत नाही.

पण अडकलेलं असतानाही ते रिकामं बसलेलं नसतं. दुसऱ्या टप्प्यातच हायपोब्रोमस आम्ल निघत असतं आणि ते मॅलॉनिक आम्लाचं ब्रोमिनेशन करत राहतं. तेही घाईने होत नाही. मॅलॉनिक आम्लाच्या रेणूला आधी आपली रचना किंचित बदलून ईनॉल रूप घ्यावं लागतं, मगच ब्रोमीन चिकटतं, आणि ते रूप घेणं संथ असतं. म्हणजे आपल्या सुटकेचं साधन ही अडकलेली अवस्था स्वतःच तयार करते, तेही मुंगीच्या पावलांनी. ब्रोमोमॅलॉनिक आम्ल साठत साठत एका ठरावीक पातळीला पोचलं, की त्यातून सुटणारा ब्रोमाइड ब्रोमस आम्लाला आवरण्याइतका होतो. पहिला झोका तेव्हा येतो.

आता चिमटीची चाचणी. सुरुवातीलाच ब्रोमोमॅलॉनिक आम्ल घातलं तर? शांतता आखूड होते, पुरेसं घातलं तर नाहीशीच होते. म्हणजे संशय खरा होता.

गंमत अशी की बशीत निळी-लाल वर्तुळं दाखवण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग आहे, त्याच्या कृतीत ही चाचणी कोणाच्या लक्षात न येता बसलेली आहे. आर्थर विन्फ्री यांनी १९७२ मध्ये अशाच बशीत फिरत्या सर्पिल लाटा पाहिल्या. त्या कृतीत ब्रोमेट, आम्ल आणि मॅलॉनिक आम्ल यांत थोडं ब्रोमाइड घालतात. द्रावण ब्रोमीनने तपकिरी होतं, मग रंग उडेपर्यंत थांबायचं, आणि त्यानंतरच फेरॉइन घालायचं. विद्यार्थ्याला वाटतं, तपकिरी रंग वाईट दिसतो म्हणून तो जाऊ द्यायचा. खरं तर त्या दोन-चार मिनिटांत ब्रोमीन मॅलॉनिक आम्लाला चिकटून ब्रोमोमॅलॉनिक आम्ल तयार होत असतं. विलंब टळलेला नाही. तो फेरॉइन घालण्याआधी उरकून घेतला आहे.

विलंब लांबवणाऱ्या पदार्थांची यादी जास्त मजेदार आहे, आणि तिच्यात सगळ्यात वर आहे साधं मीठ.

हा प्रयोग नळाच्या पाण्यात केला की बिनसतो, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. दोष क्लोराइडचा. क्लोराइड आयन ब्रोमस आम्लाच्या वाढीत पाय घालतो. अमेरिकेत जेकब्स आणि एपस्टाइन यांनी १९७६ मध्ये तो मुद्दाम मोजूनमापून घालून पाहिला: सुरुवातीचा विलंब लांबतो आणि क्लोराइड पुरेसा असेल तर झोके दबूनच जातात. आता आकडे बघा. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबात हे लिटरला सुमारे ७ मिलिमोल झालं. बीझेडच्या नेहमीच्या कृतीत सिरियम असतं २ मिलिमोलच्या आसपास. म्हणजे पिण्यासाठी निर्धोक ठरलेल्या पाण्यातही प्रयोगातल्या उत्प्रेरकाच्या तिपटीहून जास्त क्लोराइड असू शकतो. बारवी धरणाचं किंवा उल्हास नदीचं पाणी या मर्यादेच्या पुष्कळ आत असतं हे खरं, पण बीझेडला पुष्कळ आत पुरत नाही. ठाणे खाडीच्या पाण्याचं तर नावच काढू नये. समुद्राच्या पाण्यात लिटरला १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतो. ऊर्ध्वपातित पाणी घ्यावं हे बरं. सल्फ्युरिक आम्ल संपलं म्हणून हायड्रोक्लोरिक वापरण्याची अक्कल कोणी लढवली तर दिवसभर वाट बघावी लागेल.

मुरलेले संशोधकही इथे फसू शकतात. ब्रोमाइड मोजायचा इलेक्ट्रोड द्रावणात बुडवताना सोबत एक संदर्भ इलेक्ट्रोड लागतो, आणि नेहमीच्या कॅलोमेल इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असतं. ते थेंबथेंब झिरपतं. मोजायला आत बुडवलेलं साधनच मोजायच्या गोष्टीला बिघडवतं. म्हणून या कामात सल्फेटचे इलेक्ट्रोड वापरतात, नाहीतर मध्ये क्लोराइड नसलेला दुसरा कप्पा ठेवतात.

तापमानाचाही हात मोठा आहे. या क्रियेच्या वेगाचा तापमानाशी संबंध असा की २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं की ती दुपटीहून जास्त वेगाने होते. जानेवारीतल्या थंड सकाळी प्रयोग जमवून बसवलेल्या शिक्षकाने मे महिन्यात तोच पुन्हा केला तर वेळेचं गणित पार बदलेल. ढवळण्याचा वेगही विलंब बदलतो, कारण ढवळताना हवेतला ऑक्सिजन आत जातो आणि सेंद्रिय आम्लाच्या तुटक्या रेणूंशी हातमिळवणी करतो. एकाच कपाटातून काढलेल्या बाटल्यांनी दोन मुलांना दोन वेगळे आकडे आले तर कोणाला ओरडण्याआधी ढवळणी बघावी.

इथवर विलंबाचं स्पष्टीकरण साठ्याचं होतं: पातळी गाठली, झोके सुरू. पण एक बारकावा उरतो. पातळी गाठताक्षणी झोके सुरू होतातच असं नाही. १९९६ मध्ये पीटर स्ट्रिझाक आणि मायकेल मेंझिंजर यांनी बंद भांड्यातल्या बीझेडमध्येच हे दाखवलं. ब्रोमोमॅलॉनिक आम्ल इतक्या हळू वाढतं की द्रावण उंबरठा ओलांडून पलीकडे गेलेलं असतं, तरी काही काळ जुन्याच स्थिर अवस्थेला चिकटून राहतं. ती अवस्था आता टिकाऊ उरलेली नसते, पण तिच्यापासून ढळायला काहीतरी धक्का लागतो, आणि सुरुवातीला धक्का इतका बारीक असतो की तो वाढून दिसण्याजोगा व्हायला वेळ जातो. म्हणजे विलंबाचे दोन भाग: एक साठवणीचा, दुसरा उंबरठ्यापलीकडच्या ताटकळण्याचा.

तो बारीक धक्का येतो कुठून? रेणूंच्या सततच्या चढउतारांतून, म्हणजे गोंगाटातून. गोंगाट जितका जास्त तितकं ताटकळणं कमी. या चढउतारांचा रासायनिक क्रियांवर काय परिणाम होतो, याचं गणित मांडणाऱ्यांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं नाव आहे. तिथे एल. के. दोराईस्वामी आणि बी. डी. कुलकर्णी यांनी १९८७ मध्ये या विषयावर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. कुलकर्णी शिकले नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये. रासायनिक अभिक्रियापात्रांच्या अभ्यासासाठी त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळालं. झोके घेणाऱ्या क्रियांचं भारतातलं सुरुवातीचं बरंच काम गोरखपूरला आर. पी. रस्तोगी यांच्या गटाने केलं. ठाण्याजवळ बघायचं तर पवईच्या आयआयटीत पुनीत परमानंद यांची प्रयोगशाळा आहे. तिथे पाऱ्याचा थेंब हृदयासारखा धडधडवतात आणि असे अनेक थेंब जोडले की ते एकमेकांशी ताल कसा धरतात ते बघतात.

सिरियम नसलं तरी चालतं, हे कोरोश आणि मिक्लोश ऑर्बान यांनी १९७८ मध्ये दाखवलं. ब्रोमेट आणि आम्लात फिनॉलच्या किंवा ॲनिलीनच्या घराण्यातले कितीतरी पदार्थ घातले की धातूच्या उत्प्रेरकाविना झोके येतात. ॲनिलीनचं घराणं कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातल्या रंगांच्या कारखान्यांना नवं नाही. फिनॉलच्या घराण्यातलं गॅलिक आम्ल तर आपल्या डोंगरातलंच. जुन्नर-आंबेगावकडचे महादेव कोळी जो हिरडा गोळा करून विकतात, त्याच्या टॅनिनमधून ते निघतं. कुठला पदार्थ घेतला यावर सुरुवातीचा विलंब बदलतो, कारण इथेही आधी ब्रोमीन चिकटलेली पिलावळ तयार व्हावी लागते.

काचेच्या भांड्यातला विलंब फार तर प्रेक्षकांना कंटाळा आणतो. लोखंडी भांड्यातला विलंब माणसं मारू शकतो.

औषधं आणि सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या कारखान्यांत ग्रिन्यार क्रिया पुष्कळ वापरतात. फ्रान्सच्या व्हिक्टर ग्रिन्यार यांनी १९०० मध्ये ती शोधली, १९१२ मध्ये नोबेल मिळवलं. मॅग्नेशियमचा किस कोरड्या ईथरमध्ये किंवा टीएचएफमध्ये ठेवायचा आणि वरून सेंद्रिय हॅलाइड सोडायचं. अडचण एवढीच की मॅग्नेशियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो आणि तो फुटेपर्यंत काहीच होत नाही. द्रावकात थोडा ओलावा असला तर आणखी उशीर. पावसाळ्यात डोंबिवलीची हवा कशी असते ते सांगायला नको. ऑपरेटर बघतो, तापमान चढत नाही. इनिशिएशन झालं नाही म्हणून तो आणखी हॅलाइड सोडतो. तरी नाही. आणखी सोडतो. आणि मग पापुद्रा फुटतो, आणि आतापर्यंत साठलेलं सगळं हॅलाइड एका दमात क्रियेत उतरतं. ईथर ३५ अंशांना उकळतं. पुढचं वेगळं सांगण्याची गरज नाही.

बीझेडमध्ये विलंबात साठतो तो पुढे क्रियेला आवरणारा पदार्थ. ग्रिन्यारमध्ये साठतं ते इंधन. दोन्ही भांडी बाहेरून सारखीच शांत दिसतात. म्हणून चांगल्या कारखान्यात नियम असतो: हॅलाइडचा पाच-दहा टक्केच भाग आधी सोडायचा, तापमान चढल्याची खात्री करायची, आणि मगच उरलेलं हळूहळू. क्रिया लवकर पकडावी म्हणून आयोडीनचा खडा टाकतात, किंवा दुधाला विरजण लावावं तसा आधीच्या बॅचमधला थोडा माल तळाशी ठेवतात. ही तीच मँगनीज सल्फेटची चिमूट, फक्त हजार लिटरच्या हिशेबात. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे डोंबिवली एमआयडीसीतले स्फोट वाचकाला इथे आठवतीलच. त्यांचा संबंध मी या विलंबाशी जोडत नाही. रसायनांचे स्फोट अनेक वाटांनी होतात. पण डोंबिवलीतल्या मिलापनगरच्या गॅलरीतून ज्या टाक्या दिसतात, त्यांतल्या शांततेविषयी एवढं माहीत असलेलं बरं.

दुसऱ्या जातीचा विलंब मुद्दाम विकत घेतलेला असतो. स्टायरीनसारखे द्रव आपणहून घट्ट होत जातात आणि होताना उष्णता सोडतात, म्हणून त्यांत टीबीसी नावाचा रोधक घालतात. रोधक आहे तोवर शांतता. तो झिजत झिजत संपला की क्रिया सुरू होते आणि स्वतःच्या उष्णतेने वेग घेते. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला हेच झालं. टाळेबंदीत स्टायरीनची टाकी पडून होती, तापमान वाढलं होतं, रोधक पुरेसा नव्हता, असा निष्कर्ष चौकशी समितीने काढला. तेलाचंही रसायन याच जातीचं. शेंगदाणा तेल कित्येक आठवडे चांगलं राहतं आणि मग थोड्या दिवसांत खवट होतं, कारण आतलं नैसर्गिक ई जीवनसत्त्व तोवर ऑक्सिजनशी झुंजत असतं. तेलाच्या प्रयोगशाळांत रॅन्सिमॅट यंत्रात गरम तेलातून हवा सोडून ही झुंज किती तास टिकते ते मोजतात, आणि त्या तासांवरून तेलाची प्रत ठरवतात.

विलंबाचं मोजमाप असं कामाला लावण्याची कल्पना झोके घेणाऱ्या क्रियांतही आली. १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हायस्कुलातल्या ब्रिग्ज आणि राउशर या दोन शिक्षकांनी ब्रे आणि बेलूसोव्ह यांच्या क्रिया एकत्र करून एक नवी क्रिया काढली, रंगहीन ते पिवळी ते गडद निळी. ती मिश्रण करताच जवळजवळ लगेच सुरू होते. तिच्यात फळाचा रस किंवा वाइन यांसारखा अँटिऑक्सिडंट असलेला थेंब टाकला की झोके थांबतात आणि काही वेळाने आपणहून पुन्हा सुरू होतात. बोलोन्याचे रिनाल्दो चेर्वेलाती आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ च्या सुमाराला दाखवलं की हा थांबण्याचा काळ अँटिऑक्सिडंटच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढतो. स्टॉपवॉच आणि निळा रंग, एवढ्यावर अँटिऑक्सिडंटचं मोजमाप होतं.

शांतता फक्त सुरुवातीलाच असते असंही नाही. १९७९ मध्ये हाइलवाइल, हेंचमन आणि एपस्टाइन यांनी बीझेडमध्ये एकाऐवजी दोन सेंद्रिय पदार्थ एकत्र घातले. झोके आले, चालले आणि थांबले. मग बराच वेळ काही नाही. त्यानंतर झोक्यांची दुसरी मालिका सुरू झाली, वेगळ्या उंचीची, वेगळ्या कालावधीची. एका पदार्थाच्या हिशेबाने क्रिया संपली होती, दुसऱ्याच्या हिशेबाने अजून तयारी चालू होती. झोके थांबले म्हणून भांडं बेसिनमध्ये ओतून टाकणाऱ्याला त्यातला अर्धा प्रयोग कधीच दिसत नाही.